रोटाच्या नियमाने चालणारा सर्व्हर

आमच्या जिजीने गाणं बंद केलं, म्हणून मी सर्व्हर चालवायला लागले. हे वाचून तुम्ही म्हणाल, बाईचं डोकं फिरलंय. फिरलेलं नाही. नीट पहिल्यापासून सांगते.

जिजी म्हणजे माझी मोठी जाऊ. आमचे नवरे, दोघे भाऊ, खानदेशातून सुरतेत कापडाच्या लूमवर कामाला आले. पुढे गोडादऱ्यात दोघांनी मिळून घर बांधलं. खाली जिजी, वर आम्ही. जेठ, म्हणजे तिचे यजमान, आता नाहीत, मुलगी लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला इच्छापोरकडे राहते, त्यामुळे खाली जिजी एकटी. एकटी म्हणायचं नुसतं. तिच्या ओट्यावर गल्लीतल्या बायका सकाळपासून बसलेल्या असतात.

दरवर्षी श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कानबाई ही आम्हा खानदेशी लोकांची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी तिला घरात बसवायची, गाणी म्हणायची, आणि सोमवारी डोक्यावर घेऊन वाजतगाजत तापीवर पोचवायची. तिच्या नैवेद्याचा जो रोट करतात त्याचे गहू घरातल्या माणसागणिक मुठीने घेतलेले असतात, आणि तो रोट खायचा फक्त भाऊबंदांनी. शेजारणीला द्यायचा नाही, पाहुण्याला द्यायचा नाही. आमच्या घरात तर सासरी गेलेल्या लेकीलाही देत नाहीत. ती दुसऱ्या कुळाची झाली ना.

आणि कानबाईची गाणी म्हणजे जिजी. देवी वाटेवर कुठे थांबली, तिला चुडा कोणी भरला, न्हाऊ कोणी घातलं, सगळं तिला पाठ. काही गाणी इतकी लांब की ती संपेपर्यंत पीठ मळून होतं. आम्ही बाकीच्या मागून ओळ ओढणाऱ्या. पुढे कोणी म्हणायचं ते तिनेच.

तर एका वर्षी मिरवणुकीत जिजी पुढे गात होती, नाचतही होती, पदर कमरेला खोचलेला, कपाळावर कुंकू पसरलेलं. कोणीतरी मोबाईल काढला आणि ते घेतलं. घेतलं तर घेतलं. पण नंतर त्याच्यावर कसला तरी धाडधाड ताल चढवला, जिजीचा चेहरा मोठा केला, हसणारी तोंडं चिकटवली आणि सोडून दिलं. ते गल्लीत फिरलं, गावाला फिरलं. जिजीला कळलं ते भाजीवाल्याकडून. तो वांगी तोलता तोलता म्हणाला, "मासी, तमारो विडियो जोयो! बहु मजा आवी!" वर आपला मोबाईल काढून तिला दाखवला.

जिजी वांगी न घेताच घरी आली. त्यानंतर पुढच्या कानबाईला ती गायली नाही. देवीपुढे हात जोडले, रोट केला, सगळं केलं, पण तोंड मिटलेलं. पोरांनी शेवटी स्पीकर लावला. मी तिच्या शेजारी बसले होते. स्पीकरच्या आवाजात ती कशी बसली होती ते मी पाहिलं आहे, आणि तेव्हाच मी मनाशी म्हटलं, हे असं राहू द्यायचं नाही. ती गाणी तिच्याशिवाय कोणाला पुरती येत नाहीत. तिने म्हटली नाहीत तर ती तिच्याबरोबरच जाणार.

आम्ही घरात अहिराणीच बोलतो. माझं बोलणं मी इथे पुस्तकी मराठीत लिहिते, लिहायची तशी सवय लागली आहे. जिजीचं मात्र तिच्या तोंडचं ठेवते, नाहीतर ती जिजी वाटणारच नाही.

मी तिला म्हटलं, "जिजी, मला म्हणून दाखवा. मी मोबाईलमध्ये भरून ठेवते."

"मोबाईल?" ती म्हणाली. "मना तमाशा व्हयना तेवढा बस शे. मी आते गाना म्हनाव नही."

"मी कोणाला पाठवणार नाही."

"तू नही धाडाव. पन तो मोबाईल धाडी दी. त्याना काय भरवसा?"

 तिचं चुकत नव्हतं. माझ्या मोबाईलमधले फोटो आपोआप वर कुठेतरी जातात, हे मला पक्कं माहीत होतं. कुठे जातात, कोण बघतं, ते मला सांगता आलं नसतं. जे मला सांगता येत नाही त्याची हमी मी तिला कशी देणार? म्हटलं, ठीक आहे, मग आपणच अशी जागा करायची जिची हमी देता येईल.

आता माझं कॉम्प्युटरशी काय नातं, तेही सांगायला हवं. शाळा माझी गावालाच सुटली. पण सुरतेत साड्यांवर भरतकाम करणारी कॉम्प्युटरची मशीनं आली, तेव्हा त्या मशीनला डिझाईन भरून देणारी माणसं लागायची. त्याला पंचिंग म्हणतात. पानाची कड कुठून सुरू करायची, सुई कुठे उचलायची, धागा कुठे कापायचा, हे टाक्याटाक्याने मशीनला सांगायचं. आमच्या ह्यांच्या ओळखीच्या एका कारखान्यात एक बाई ते करायची. मी तिच्या खुर्चीमागे उभी राहून बघून बघून शिकले आणि पुढे कितीतरी वर्षं घरी बसून पर्वत पाटियाच्या व्यापाऱ्यांची डिझाईनं करून दिली. मशीन आपल्या मनाने काही करत नाही, सांगाल तेवढंच करतं, आणि चुकीचं सांगाल तर चुकीचंही अगदी मनापासून करतं. ही गोष्ट कळली की कॉम्प्युटरची भीती जाते. माझी तेव्हाच गेली.

त्या कामाचा कॉम्प्युटर माळ्यावर पडून होता. काढला, पुसला, चालू केला. चहा होऊन पिऊन झाला तरी तो आपला गोल गोल फिरतोय. विंडोजची नवी आवृत्ती त्या जुन्या डब्यावर चढतच नव्हती, आणि जुनीवर नवीन प्रोग्राम चालत नव्हते. दुरुस्तीवाला म्हणाला, "मासी, भंगारमां आपी दो." मी नाही दिला. लिनक्सचं नाव मी ऐकून होते. ते फुकट मिळतं आणि जुन्या मशीनवर चालतं, एवढंच माहीत होतं. मग व्हिडिओ बघितले, हिंदीतले, इंग्रजीतले. इंग्रजीतले थांबवून थांबवून. पेनड्राइव्हवर लिनक्स उतरवलं, कॉम्प्युटर त्या पेनड्राइव्हवरून सुरू केला, आणि म्हातारा डबा असा उठला की आमचे हे बाजूच्या खोलीतून बघायला आले.

"हे काय, नवा आणला का?"

"जुनाच आहे. नुसतं डोकं बदललं."

"माझंही बदलून मिळेल का?"

"तुमचं आधी चालू तर करून बघू."

त्यांना काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं दिसली की काहीतरी बिघडलं असं वाटायचं. मला मात्र तो काळा पडदाच आवडला. पंचिंगसारखाच. एक ओळ लिहायची, एक काम होतं. चुकलं तर काय चुकलं ते तो सांगतोही, जरा तुसडेपणाने, पण सांगतो. पंधरवड्यात मी त्यावर गाणी ठेवायचा एक प्रोग्राम बसवला. मोबाईलवर भरलेलं घरच्या वायफायवरून थेट त्या डब्यात जाईल, बाहेर कुठेही नाही, असं करून घेतलं. मोबाईलचं ते आपोआप वर जाणंही बंद केलं. आणि अजून एक डिस्क आणून रोजची नक्कल त्यावर पडेल अशी सोय केली. ती डिस्क साड्यांच्या कपाटात. ते कपाट माझ्याशिवाय कोणी उघडत नाही.

मग जिजीला वर बोलावलं.

तिने डबा बघितला. दोन्ही हात कमरेवर. "हाई डबडामा कोन कोन शे?"

"कोणी नाही. आपणच."

"आनि इंटरनेटवाला?"

"तोही नाही."

"अशी कशी? तुना मोबाईलमा येस म्हंजे तठून येस."

मी खूप समजावलं, ती मान हलवत राहिली. मग तिनेच विचारलं, इंटरनेट कोणत्या वायरने येतं? मी राउटरमागची वायर दाखवली. म्हणाली, "ती काढी टाक." मी काढली. "आते वाजाड."

डब्यात आमच्या ह्यांच्या घोरण्याचा एक नमुना होता, तो मी मोबाईलवर लावला. परीक्षा म्हणून मीच भरून ठेवला होता. वायर माझ्या हातात, आणि घोरणं मोबाईलमधून खणखणीत. जिजीने वायरकडे बघितलं, मोबाईलकडे बघितलं, डब्याला हात लावून बघितला. मग बाजूच्या खोलीतल्या आमच्या ह्यांच्याकडे बघून जी हसली! कितीतरी महिन्यांनी हसली.

"म्हंजे आठेच शे," ती म्हणाली.

"इथेच आहे."

"मंग कोन ऐकी सकस, ते कोन ठरावस?"

हा प्रश्न विचारला आणि मला बरं वाटलं, कारण याचं उत्तर लिनक्समध्ये फार छान आहे. मी तिला सांगितलं, यातल्या प्रत्येक फाईलसाठी तीन प्रकारची माणसं ठरवून ठेवलेली असतात. एक, ती फाईल जिची आहे ती. दोन, तिचा गट. तीन, बाकी सगळं जग. प्रत्येकाला वेगळी परवानगी. मालकीण वाचेल आणि बदलेल, गट नुसता वाचेल, जगाला काहीच नाही.

जिजी ऐकत होती, आणि तिने मांडीवर थाप मारली. "हाऊ ते आपला रोट शे!"

 खरंच की. माळ्यावरून काढलेल्या डब्याचा आणि कानबाईच्या रोटाचा नियम एकच. घरचं, भाऊबंदांचं, आणि बाकीच्यांना हात नाही. मी तिथल्या तिथे गट केला आणि त्याचं नाव ठेवलं भाऊबंद. मालकीण म्हणून जिजीचं नाव घातलं. आणि तिला शब्द दिला, की या गटात कोण येणार ते तुम्ही सांगाल, मी फक्त बटणं दाबीन. डब्यावर सगळ्यात मोठा अधिकार माझाच होता, मी कधीही काहीही करू शकले असते. पण शब्द दिला तो दिला.

तिने सात-आठ गाणी म्हटली त्या आठवड्यात. म्हटली म्हणजे, पुटपुटली. दार लावून, पंखा बंद करून, मोबाईलकडे पाठ करून. शब्द सगळे होते, चाल जेमतेम होती, आणि जिजी त्यात कुठेच नव्हती. मी मनाशी म्हटलं, शब्द तर आले, चाल येईल मागून.

पण डबा तिने मनावर घेतला. एक दिवस मी बाजारातून आले तर मोबाईलवर गाणी लागेनात. डबा बंद. चालू केला, परत बंद. खोलीत जाऊन नीट बघितलं तर जिजीने त्याला लाल कापडात गुंडाळून, वर हळदकुंकू लावून, पुढे नारळ ठेवलेला. सुरतेचा उन्हाळा, आणि हवा जायची जाळी लाल कापडाच्या आत! बिचारा तापून तापून बंद पडत होता.

"जिजी, हे काय केलंत?"

"कानबाईना गाना शेत त्याम्हा. उघडं बठेल ऱ्हास का देवीनं?"

"अहो, त्याला गरम होतं. त्याला वारा लागतो."

"वारा लागस?" तिने जरा विचार केला. "मंग आधी सांगानं ना." कापड काढून तिने नारळ बाजूला केला, कुंकू तेवढं ठेवलं. आणि तिच्या खोलीतला टेबलफॅन आणून डब्याकडे तोंड करून लावला. आमचे हे म्हणाले, "मी लूमवर आयुष्य काढलं, मला कोणी असा फॅन लावला नाही." जिजी म्हणाली, "तुम्ही कधी गाना म्हन्या?"

काही गेलं नव्हतं. गेलं असतं तरी कपाटात नक्कल होती. मी आपली निवांत.

पुढचं काम भाऊबंदांना किल्ल्या देण्याचं. ते सगळे सुरतभर विखुरलेले, काही गावाला. बाहेरून आपल्या घरच्या डब्यापर्यंत यायचं तर घराला इंटरनेटवर कायमचा पत्ता लागतो, आणि तो वेगळा मागावा लागतो. मी इंटरनेटवाल्या पोऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "मासी, शुं काम छे? कॅमेरा लगाववाना छे?" म्हटलं, "ना भाई, सर्व्हर चलाववो छे." पलीकडे तो खुदकन हसला. मग, "घरमां कोई छोकरो छे? एने फोन आपो ने." मी म्हटलं, "छोकराने नथी आवडतुं, मने आवडे छे. तुं लखी ले." गुजरातीत आवडणं म्हणजे जमणं. त्याने लिहून घेतलं.

मग घरापर्यंत यायचा एक खाजगी रस्ता तयार केला, आणि प्रत्येक मोबाईलला त्या रस्त्याची एक किल्ली. एकाची किल्ली दुसऱ्याला चालत नाही, आणि मी ठरवलं तर कोणाचीही किल्ली इथे बसल्या बसल्या रद्द करता येते. जिजी एकेक नाव सांगायची, पुतणे, चुलत दीर, गावचे दोघे. मी करत जायची. सगळ्यांनी मोबाईलवर अंगठे पाठवले, हात जोडले. एकाने लिहिलं, "काकू ग्रेट." झालं.

आणि मग काय झालं? काही नाही.

कोणाचा मोबाईल शेवटचा कधी आला ते डब्यावर दिसतं. सगळे पहिल्या दिवशी आले होते. दार उघडून आत डोकावले आणि गेले. परत कोणीच नाही. जिजी रोज सकाळी वर यायची, डब्याजवळ बसायची आणि विचारायची, "कोन ऐकस?"

दोनचार दिवस मी विषय बदलला. पण तिला खोटं सांगायचं माझ्याच्याने झालं नाही. म्हटलं, "जिजी, कोणी ऐकत नाही."

तिने डब्यावरची धूळ पदराने पुसली आणि खाली गेली.

त्याच दिवसांत तिच्या लेकीचा मला फोन आला. ही आमची पुतणी लहानपणी कानबाईत जिजीच्या मांडीला लागून बसायची. तिचा गळाही जिजीचाच. लग्नानंतर इच्छापोरला गेली, तिकडे दोघं नवराबायको कंत्राटावर कामाला. घरात पोरांशी गुजरातीच बोलते.

"काकू, सगळ्यांना किल्ली मिळाली, मला का नाही?"

"तुझ्या आईला विचार."

"विचारलं. ती म्हणते, रोट आहे, आंडेरला चालत नाही." आंडेर म्हणजे लेक. "काकू, सर्व्हर तुमच्या घरात, लाईट तुमचा, शिकलात तुम्ही, आणि परवानगी मायची?"

"हो."

"एक किल्ली करून द्या ना गुपचूप. तिला काय कळणार आहे? तिला स्क्रीनवरचं वाचता येत नाही."

"म्हणूनच नाही," मी म्हटलं. "तिला वाचता येत असतं तर कदाचित दिली असती."

ती चिडली. "मग राहू दे. ऐकू दे तुमच्या भाऊबंदांना. ऐकतायत ना?" आणि फोन ठेवला. नेमक्या जागी टोचलं तिने. ऐकणारा एकही नाही, आणि जिला ऐकायचं तिला बंदी. आणि कानबाई तोंडावर आलेली. या वर्षीही स्पीकर लागला असता तर माझा सगळा खटाटोप म्हणजे जुन्या डब्यात कुलूप लावून ठेवलेलं पुटपुटणं, एवढंच उरलं असतं.

पण मी आशा सोडणारी बाई नाही. पंचिंगमध्ये एक असतं, डिझाईन एका बाजूने उलगडत नसेल तर दुसऱ्या बाजूने सुई घालून बघायची. मी खाली गेले. जिजी गहू निवडत बसली होती, मीही सूप ओढलं.

थोडा वेळ निवडलं आणि सहज विचारलं, "जिजी, ही गाणी तुम्हाला सासूबाईंनी शिकवली का हो?"

"सासूना गळा देखेल शे का तू?" ती म्हणाली. "गाना म्हने तं म्हशी दूध चोरेत."

"मग कोणी शिकवली?"

"मनी मायनी."

"म्हणजे तुमच्या माहेरची गाणी."

"मंग काय."

"आणि तुमच्या आईला?"

"तिनी मायनी." बोलता बोलता तिचा हात सुपात थांबला.

मी खडा काढून टाकला, दुसरा शोधायला लागले. रोट भाऊबंदांत फिरतो, बरोबर आहे. पण गाणं त्या वाटेने या घरात कधी आलंच नव्हतं. ते आईकडून लेकीकडे, लेकीबरोबर सासरी, असं आलं होतं. जिजी स्वतःच ते दुसऱ्या कुळातून इथे घेऊन आली होती. भाऊबंदांना त्याचं काय? त्यांनी आयुष्यभर तिचं गाणं ऐकता ऐकता झोपा काढल्या.

जिजी मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "तिले दे किल्ली. पन रोट नही देवाव, सांगी ठेव."

मी उठून वर गेले ती जवळजवळ पळतच. भाऊबंदांच्या गटाला हात लावला नाही, तो त्यांचा त्यांना. दुसरा गट केला, नाव ठेवलं लेकी, आणि सगळी गाणी त्या गटालाही उघडी केली. जिजीने पायऱ्या चढत येऊन विचारलं, "व्हयनं?" म्हटलं, "झालं. एकच लेक आहे सध्या." म्हणाली, "गल्लीमा पोरी कमी शेत का? व्हतील."

दुसऱ्या दिवसापासून डब्यावर एक मोबाईल दिसायला लागला. सकाळी कामावर जायच्या वेळी, संध्याकाळी यायच्या वेळी. बसमध्ये कानात घालून ऐकत होती पोरगी. जिजी विचारायची, "कोन ऐकस?" मी सांगायची, "लेक." ती नुसती "हं" म्हणायची आणि खाली जायची. जाताना पायरीवर पाय जरा ठेक्यात पडायचा, मी काही न बघितल्यासारखं करायची.

कानबाईच्या आदल्या रविवारी दुपारी लेकीचा फोन आला. "काकू, मायला द्या. मी म्हणून दाखवते, चुकतंय का सांगा म्हणावं."

मी स्पीकर चालू करून मोबाईल खाली गहू निवडत बसलेल्या जिजीपुढे ठेवला. लेकीने चुड्याचं गाणं सुरू केलं. आवाज चांगला लागला, पण चाल सपाट. पुटपुटलेलंच ऐकून शिकली होती ना, म्हणून तीही तशीच म्हणत होती, कडवं संपताना आवाज खाली सोडून देत. पहिल्या कडव्याला जिजीची भुवई वर गेली. दुसऱ्याला तिने तोंड उघडून मिटलं. तिसऱ्याला नाही राहवलं.

"चुकनी! चुकनी व माय! कासारीन दारमा उभी शे, आवाज वर जायी का खाल?"

"माय, तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये असंच आहे!"

"रेकॉर्डिंगमा मी आजारी व्हती. बंद कर ते. आते ऐक, मी सांगस."

आणि तिने म्हटलं. गव्हाने भरलेले हात तसेच, मांडी घातलेली, मान मागे टाकून, पहिल्या ओळीपासून. दार उघडं होतं, पंखा चालू होता. तो आवाज ओट्यावरून गल्लीत गेला. पलीकडच्या घरातल्या बाईने कुकर बंद केला, त्याची शिट्टी मध्येच विरली. फोनवर लेक मागून ओढायला लागली, मग मीही. आमचे हे जिन्यात येऊन उभे राहिले, आणि पहिल्यांदाच त्यांना काही विनोद सुचला नाही.

गल्लीतल्या बायका दारात जमल्या. त्यातल्या एका सुनेने, नवीनच आहे ती, तिचा काय दोष, कौतुकाने मोबाईल वर केला. मला दिसला. मी उठायला गेले, गुडघे वेळेवर साथ देत नाहीत. तेवढ्यात जिजीलाही दिसला. तिने त्या पोरीकडे सरळ बघितलं. गाणं कासारणीने चुडा भरल्याच्या ओळीवर होतं. जिजीने ती ओळ पुरी केली, कुठेही न तोडता, आणि गव्हाचा हात पुढे करून त्या पोरीला खूण केली, खाली बस, इथे, माझ्याजवळ. पोरगी गोंधळली, मोबाईल ओटीत टाकला आणि येऊन बसली. पुढच्या ओळीला तीही ओढायला लागली, चुकीचीच.

जिजीने तिच्या गुडघ्यावर चापट मारली आणि ती ओळ परत पहिल्यापासून घेतली.